घोडमुखी स्कर्ट आणि चंद्रावरचा ससा: मिंग काळातल्या चिनी पेहरावावरच्या प्रकल्प नोंदी

५ जून २०२५

ठरलं. कोजागिरीला आमच्या टेक्स्टाइल ग्रुपचा कार्यक्रम आहे, त्यात प्रत्येकाने एक कपडा स्वतः बनवून आणायचा, विषय सण. मी मिंग काळातला (१३६८ ते १६४४) बायकांचा स्कर्ट करणार आहे, मामिएनछुन, म्हणजे घोडमुखी स्कर्ट. नावाचा घोड्याशी काही संबंध नसावा, तिकडच्या तटबंदीला बाहेर आलेले जे चौकोनी सपाट बुरूज असतात त्यांना घोडमुख म्हणायचे आणि या स्कर्टचा पुढचा भाग तसाच सपाट असतो, असं मानतात.

रचना एकदा नीट लिहून ठेवते कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. कापडाचे दोन वेगळे सारखे तुकडे असतात. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना सपाट भाग आणि मधे चुण्या. सपाट भागाला ते स्कर्टचं दार म्हणतात, मीही दारच म्हणणार. दोन्ही तुकडे एकाच पट्टीवर शिवायचे, तिथे एकाचं दार दुसऱ्याच्या दारावर चढतं, आणि नेसताना उरलेली दोन दारं पुढे एकमेकांवर येतात. चार दारं, पण दिसतात दोनच, एक पुढे एक मागे. बाजूला चुण्या मोकळ्या. चालताना दारं शांत राहतात आणि चुण्या हलतात. तुकडे एकमेकांना खाली जोडलेलेच नसतात त्यामुळे घोड्यावर बसायला, जिना चढायला मस्त सोयीचं.

२०२२ च्या जुलैत पॅरिसमध्ये चिनी विद्यार्थ्यांनी दिऑर या फॅशन कंपनीच्या दुकानासमोर निदर्शनं केली होती ती याच स्कर्टवरून. कंपनीने चुण्यांचा स्कर्ट २९,००० युआनला काढला आणि ही आमची खास ओळखीची आकृती असं लिहिलं, चीनचा उल्लेख कुठेच नाही. मला ती मुलं बरोबर वाटली. एवढी हुशार कटिंग पाचेकशे वर्षं वापरात असताना तिचं श्रेय कुणी दुसऱ्याने घेऊ नये.

१४ जून

आकार आला पण वर काय काढायचं यावर अडकून होते. ग्रुपमधे विचारलं तर सगळ्यांनी ड्रॅगन, बांबू, पंखा असलं सुचवलं. पण या कपड्यांवर सुंदर दिसतं म्हणून काही काढत नसत हो. कोण घालणार, कोणत्या दिवशी, कुणासमोर, त्यावर चित्र ठरायचं.

आणि मिंग राजवाड्यात तर याचं चक्क कॅलेंडर होतं. लिऊ रुओयू नावाचा राजवाड्यातला एक खोजा, त्याने सतराव्या शतकात वाड्यातल्या चालीरीती तपशिलात लिहून ठेवल्या, कुठल्या सणाला कपड्यांवर कुठलं चित्र ते सुद्धा. नवीन वर्षाला भोपळ्याचं, कंदिलांच्या सणाला कंदील. पाचव्या महिन्यातल्या द्वान्वूला पाच विषारी प्राणी आणि दवण्याच्या जातीतल्या एका पाल्याचा वाघ. सातव्या महिन्यात सातव्या दिवशी मॅग्पाय पक्ष्यांचा पूल, कारण त्या रात्री आकाशातले दोन ताटातूट झालेले प्रेमी त्या पुलावर भेटतात. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र आणि ससा. नवव्या महिन्यात शेवंती. बायका (आणि खोजेसुद्धा) सणागणिक कपड्यांवरचे चित्रांचे चौकोन, पट्टे बदलायच्या.

ससाच घ्यायचा हे ते वाचतानाच ठरलं. यंदा त्यांच्या पंचांगात सहावा महिना दोनदा आलाय, म्हणून त्यांची आठव्या महिन्याची पौर्णिमा ढकलली जाऊन बरोबर ६ ऑक्टोबरला येते आणि आपली कोजागिरीही ६ ऑक्टोबरलाच आहे. एरवी त्यांचा सण बहुतेक भाद्रपदातल्या पौर्णिमेला पडतो, आपल्या आधी महिनाभर. ससा तर दोघांच्याही चंद्रावर आहे, आपण चंद्राला शशांक म्हणतो. फरक इतकाच की त्यांचा ससा बसून राहत नाही, तो झाडाखाली उखळात अमरत्वाचं औषध कुटत असतो.

२२ जून

सशाचे पुरावे शोधत होते. सगळ्यात सुंदर मिळालं ते डिंगलिंगमधलं. बीजिंगजवळची वानली बादशहाची (मृत्यू १६२०) कबर, १९५६ ते १९५८ मधे उघडली, त्यात तो आणि त्याच्या दोन राण्या. तिथे कानातले सापडलेत, ज्यात जेडचा ससा उभा राहून मुसळ चालवतोय. एवढासा ससा पण कान, पाय, मुसळ सगळं स्पष्ट!

तिथलाच दुसरा कपडा बघून मात्र गलबलून आलं. श्याओजिंग राणीचं लाल जाकीट, त्यावर शंभर मुलगे भरलेत, कुणी खेळतंय, कुणी पळतंय. खूप मुलगे होवोत हा आशीर्वाद. ही बाई मुळात वाड्यातली दासी, तिला बादशहापासून मुलगा झाला, तोच पहिला मुलगा, पण बादशहाचं मन दुसरीकडे होतं. १६११ मधे ती गेली. तिचा नातू गादीवर आला तेव्हा तिला राणीचा दर्जा मिळाला आणि तिला उकरून आणून बादशहाशेजारी ठेवलं. शंभर मुलांचं जाकीट कुणी तिच्याबरोबर ठेवलं असेल त्यांनी ते काय विचार करून ठेवलं असेल असं सारखं मनात येतंय.

डिंगलिंगचं बरंचसं रेशीम बाहेर हवा लागल्यावर खराब झालं. नंतर नानजिंगच्या विणकरांनी काही कपड्यांच्या प्रतिकृती विणल्या, जुन्या पद्धतीच्या उंच मागावर. वर बसून एकजण धागे ओढतो, खाली दुसरा विणतो, आणि दोघं मिळून दिवसाला ५-६ सेंटिमीटर कापड. युनेस्कोच्या यादीत ही विणकाम कला २००९ मधे गेली.

३ जुलै

कापड. इथेही लिऊ रुओयूच कामाला आला. वाड्यात ऋतूप्रमाणे कापड बदलायची तारीख ठरलेली, चौथ्या महिन्याच्या चौथ्या दिवसापासून नवव्या महिन्याच्या चौथ्या दिवसापर्यंत पातळ जाळीदार रेशीम, मग जरा दाट, आणि दहाव्या महिन्यापासून सॅटिन. म्हणजे सशाची पौर्णिमा अजून जाळीदार कापडाच्या मोसमात पडते. सॅटिनवर ससा काढला असता तर जाणकाराला तो ससा थंडीत आलेला दिसला असता.

त्या जाळीच्या विणीत ताण्याचे धागे एकमेकांना वेढा घालत जातात, त्यामुळे कापड पातळ असून धागे सरकत नाहीत. रविवार पेठेत तशी वीण मिळाली नाही. प्युअर सिल्क ऑर्गेंझा घेतलं, साधी वीण आहे, जरा कडक, पण पारदर्शकपणा जवळचा. आत वेगळा पांढरा परकर.

रंग हिरवा, कांद्याच्या पातीचा. शानडोंगच्या म्युझियममधे कन्फ्यूशियसच्या वंशजांच्या वाड्यातून आलेला एक मिंग स्कर्ट आहे, पातीच्या हिरव्या जाळीदार रेशमावर विणलेले पट्टे. छुफू गावात त्या घराण्याने शतकानुशतकं कपडे पेट्यांत जपले, म्हणून कबरीत न पुरलेले, रंग टिकलेले मिंग कपडे आज बघायला मिळतात. डिंगलिंगच्या फोटोंनंतर हे बघितलं की जीव सुखावतो.

लाल का नाही असं विचारलं गेलंच. १३७२ च्या हुकुमाने सामान्य घरच्या बायकांना भडक लाल, काळपट निळा आणि पिवळा बंद होता, सोन्याचं भरतकामही बंद. जांभळा, हिरवा, पीचचा गुलाबी आणि फिके रंग चालत. मिंगच्या शेवटी शेवटी शहरांतल्या पैसेवाल्यांनी हे नियम धाब्यावर बसवले होते. पण माझा ससा वाड्यातला, त्यामुळे त्याला सोनं चालतं, आणि हिरवा वाड्यातही चालतो आणि गल्लीतही. पुढे, मिंगनंतरच्या छिंग काळातही लाल स्कर्ट हा लग्नाच्या मुख्य बायकोचा मान होता.

१३ जुलै

माप. कंबर परकरावरून ८० सेंमी धरली. दार २२, चुण्यांचा भाग एका बाजूला १८. दोन दारं आणि दोन बाजू मिळून ८०, बरोबर. पुढचं एक दार ज्यादा चढतं म्हणून पट्टी ८० अधिक २२ म्हणजे १०२ आणि दोन्हीकडे लांब बंद. कापडाचा प्रत्येक तुकडा साधारण दोन मीटर रुंद, दोन्ही दारं सोडली तर दीड मीटर कापड १८ सेंमीत बसवायचंय.

चुण्या मिंग पद्धतीच्या, मोजक्या, मोठ्या, समोरासमोर वळलेल्या, वर कमरेत धरलेल्या आणि खाली पूर्ण मोकळ्या. इस्त्रीने कडक बसवलेल्या बारीक चुण्या नंतरच्या. सतराव्या शतकात ली यू म्हणून लेखक होता, त्याने बायकांच्या कपड्यांवर अगदी बारकाईने लिहिलंय, घरात आठ पाटांचा, म्हणजे कापडाच्या आठ पट्ट्या जोडलेला स्कर्ट पुरे आणि चारचौघांत दहा पाटांचा हवा. सूचोऊकडे तेव्हा एका एका चुणीत पाच रंग असलेला चांदणं स्कर्ट निघाला होता, तो मात्र त्याला आवडला नव्हता. मला तो करून बघायला आवडेल कधीतरी.

पट्टी पांढऱ्या सुती कापडाची घेतलीये. रेशमी पट्टी कमरेवरून घसरते, सुती धरून ठेवते. आणि वरून जाकीट येतं म्हणून ती दिसत नाही. नंतरच्या स्कर्टांतल्या पांढऱ्या पट्टीला लोक म्हातारपणी दोघांचे केस पांढरे होईपर्यंत साथ असाही अर्थ लावतात, गोड आहे.

२७ जुलै

पट्टा कुठे? मिंग स्कर्टवर आडवे दोन पट्टे असतात, एक गुडघ्याजवळ आणि एक खाली काठाला. हे फॅशनवर अवलंबून होतं आणि फॅशन म्हणजे जाकिटाची लांबी. हनानमधल्या थायखांग गावाच्या जुन्या गॅझेटियरमधे हे नोंदवलंय. होंगची बादशहाच्या काळात (१४८८ ते १५०५) जाकीट जेमतेम स्कर्टची कंबर झाकायचं, नंतर ते वाढत गेलं, ज्याजिंगच्या सुरुवातीला (१५२२ नंतर) गुडघ्यापर्यंत आलं. जाकीट आखूड तेव्हा गुडघ्याचा पट्टा ठसठशीत दिसणार, जाकीट लांब झालं की तो झाकला जाणार.

माझं कॅलेंडर आणि कानातले दोन्ही वानलीच्या आसपासचे, म्हणजे जाकीट लांब. म्हणून गुडघ्याला अरुंद साधा ढगांचा पट्टा आणि सगळा जोर खालच्या काठावर, तिथे ससे. छिंग काळातल्या स्कर्टमधे तर बायका भरतकाम फक्त दाराच्या खालच्या भागातच करून घेत, वरचा भाग कोरा, कारण वर जाकीट. जे दिसणार तेच भरायचं. बाह्यांच्या पट्ट्यांचंही तसंच, हात पुढे जोडून उभं राहिल्यावर जो भाग समोर येतो तिथेच खच्चून काम. कपडा घालून माणूस कसा उभा राहणार, कसा बसणार हे आधी ठरायचं आणि चित्र नंतर. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात जास्त भावते.

१० ऑगस्ट

डिझाइन कागदावर तयार. पुढच्या दारावर दोन ससे समोरासमोर, मधे चंद्र आणि खाली उखळ. चुण्यांच्या भागात एकेकटे पळणारे ससे, तोंडात फांदी. ही फांदी गुईहुआची, बारीक पिवळी सुवासिक फुलं येतात ते झाड, याच पौर्णिमेच्या सुमाराला फुलतं आणि चंद्रावर तेच झाड आहे असं मानतात. त्याच्या नावाचा उच्चार तिकडच्या प्रतिष्ठित या शब्दासारखा होतो, आणि चंद्रावरच्या वाड्यातून त्याची फांदी तोडणे म्हणजे सरकारी परीक्षा पास होणे. आईने मुलासाठी मागावं असं चित्र.

चिनी नक्षीचा अर्धा कारभार अशा सारख्या उच्चारांवर चालतो म्हणून हे लिहावंच लागतं. वटवाघूळ आपल्याकडे कुणी पदरावर भरणार नाही, पण त्यांच्याकडे त्याचा उच्चार सुखासारखा, म्हणून पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं. मासा म्हणजे शिल्लक, सोबत कमळ काढलं तर वर्षानुवर्षं शिल्लक. फुलदाणी म्हणजे शांतता. फुलपाखरू आणि मांजर म्हणजे ऐंशी-नव्वदी गाठो. काहींना उच्चाराची गरज नाही, डाळिंबात दाणे म्हणजे मुलं, ते आपल्यालाही लगेच कळतं. आणि स्वस्तिक तर आपल्याकडूनच बौद्ध धर्माबरोबर गेलं, वू झत्यान सम्राज्ञीने ६९३ मधे त्याचा उच्चार वान ठरवला, म्हणजे दहा हजार. एकात एक गुंफलेल्या स्वस्तिकांची जाळी काढली की न संपणारं दहा हजार.

एका मैत्रिणीने वटवाघळं घाल ना म्हणून आग्रह धरला. नाही घालणार. वटवाघळांची खरी चलती छिंग काळात, आणि या स्कर्टला एकच दिवस सांगायचाय. सगळे आशीर्वाद एकाच काठावर कोंबले की कुठलाच नीट पोचत नाही.

२४ ऑगस्ट

भरतकामाला सुरुवात. जुने पट्टे बहुतेक भरलेले नव्हते, मागावरच विणलेले, तेही कपड्याच्या मापाने. म्हणजे विणकराला मागावर बसल्या बसल्या माहीत असायचं की इथे दार येणार, इथे चुणी पडणार. तसं विणून घेणं माझ्या आवाक्याबाहेरचं, म्हणून आरी, म्हणजे आकडीच्या सुईने भरतकाम.

आमच्या आरीवाल्या काकांनी खाका टोचून कापडावर उतरवला, अड्ड्यावर, म्हणजे भरतकामाच्या चौकटीवर, ऑर्गेंझा ताणला आणि पहिलंच म्हणाले, "ताई, सशाचं पोट भरू नका, कापड ओढलं जाईल." पटलं. सशांना फक्त बाहेरून कलाबत्तूची दुहेरी रेघ, आत रेशमाचे विरळ टाके. मिंग काळात सोन्याचा धागा म्हणजे कागदावर सोन्याचा वर्ख, त्याच्या बारीक पट्ट्या कापून रेशमावर गुंडाळलेल्या. आपल्याकडे चपटी केलेली धातूची तार रेशमावर गुंडाळतात. त्यांचा धागा मऊ आणि हलका, आपला जड, त्यामुळे काठाला थोडं वजन येणार. चुण्या खाली सरळ पडायला ते बरंच आहे.

९ सप्टेंबर

गणपतीत काम बंद होतं. आज एक पारशी गारा हातात घेऊन बघायला मिळाला, मैत्रिणीच्या सासूबाईंनी दाखवला, जांभळी साडी आणि काठभर पांढरे करकोचे आणि पिओनीची फुलं. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी, जमशेटजी जीजीभॉयांसारखे, कापूस आणि अफू घेऊन चीनमधल्या कँटनला जायचे, येताना घरच्या बायकांसाठी तिकडच्या कारागिरांकडून रेशीम भरून आणायचे. नंतर साडीच्या मापाने ऑर्डर द्यायला लागले. पिओनी म्हणजे वैभव, करकोचा म्हणजे दीर्घायुष्य, चीनच्या नोकरशाहीत तर पहिल्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या छातीवर करकोचा असायचा आणि त्याची बायकोही तोच दर्जा अंगावर वागवायची. मुंबईत आल्यावर नक्षी टिकली आणि नावं घरची झाली. छोट्या मोठ्या ठिपक्यांना कांदा-पापेटा, पक्ष्यांच्या जोडीला चकला-चकली.

आंटींनी भिंग देऊन गाठींचा टाका दाखवला, खाखो म्हणतात त्या, अगदी मोहरीहून बारीक गाठी चिकटून चिकटून. माझ्या गुईहुआच्या फुलांसाठी हाच टाका. चार गाठींचं एक फूल. ते आरीने नाही होणार, हाताने सुईनेच करायचंय, रात्री टीव्ही बंद करून.

२१ सप्टेंबर

खालचा काठ पूर्ण. फुलं झाली. आता चुण्या धरायच्या. धरल्यावर कळतंय की चुणीतले ससे जवळजवळ सगळे आत जातात, कुठे एक कान दिसतो, कुठे फक्त फांदी. मला हे हवंच होतं. बाई उभी असताना दारावरचे दोन ससे आणि चंद्र, तेवढंच. चालायला लागली की बाजूने एकेक ससा बाहेर येतो. बसली की पुढचं दार मांडीवरून सपाट खाली येतं आणि उखळ बरोबर पायांच्या वर.

टाचण्यांनी धरून बहिणीला नेसवून खोलीभर चालवलं. तिने तिसऱ्या फेरीला स्वतःच विचारलं की हळू चालू का, ससे पटपट जातायत.

४ ऑक्टोबर

पट्टी शिवली, बंद लावले. जाकीट साधं पांढरं, लांब, उभ्या कॉलरचं, उसनं मिळालं. मिंगच्या उत्तरार्धात अशा कॉलरला धातूची बटणं लावत, एका बाजूला फूल आणि दुसऱ्या बाजूला फुलपाखरू किंवा मधमाशी, बटण लावलं की ते फुलावर येऊन बसतं. तशी बटणं सोनाराकडून करून घ्यायचं मनात होतं, पैसे उरले नाहीत.

काठाची आतली तुरपाई बाकी आहे, उद्या सकाळी.

८ ऑक्टोबर

परवा झालं. बहिणीने नेसला, गच्चीवर चालली, दूध आटवणाऱ्या बायका पातेलं सोडून बघायला आल्या. सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे ससा काय कुटतोय, मसाला का. औषध म्हटल्यावर एक आजी म्हणाल्या, मग तो कामाचा आहे. एका मुलीने दोन्ही तुकडे उघडून आतली दारं बघितली आणि लगेच वहीत कटिंग काढून घेतलं, मला फार बरं वाटलं.

काम म्हणून बघितलं तर दारावरची चंद्राची रेघ थोडी जाड हवी होती, दिव्यात हरवते. ऑर्गेंझाच्या चुण्या जाळीदार रेशमाइतक्या गळत नाहीत, किंचित फुगतात. मागच्या दारावरही ससे टाकायला हवेत का यावर ग्रुपमधे वाद झाला, माझं मत नको असं आहे, पण पुढचा स्कर्ट करताना जुन्या नमुन्यांच्या मागच्या बाजूचे फोटो आधी बघेन.

स्कर्ट धुवायचा नाही, वाऱ्यावर ठेवून मलमलीत गुंडाळायचा, डांबरगोळ्या लांब, जरीला लागता कामा नयेत. घडी चुण्यांच्या रेषेवरूनच.

पुढचं पाच विषारी प्राणी. साप, गोम, विंचू, पाल आणि बेडूक, पाचव्या महिन्यातल्या उकाड्यात, रोगराईच्या दिवसांत अंगावर घालायचे म्हणजे खरे लांब राहतील. २०२६ मधे द्वान्वू १९ जूनला येतोय. तोही जाळीदार कापडाच्याच मोसमात, म्हणून या वेळी ऑर्गेंझा नको, वेढ्याची खरी जाळी विणून देणारा विणकर शोधायचाय. काकांना विंचवाचा खाका दाखवला, त्यांनी नांगी जरदोजीच्या स्प्रिंगने करू म्हटलंय.